तेच स्पीकर, दुसरी खोली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : माझ्याकडे हे आहे, मित्राकडे ते आहे, मग त्याच्याकडे अधिक चांगले का वाजते? पत्रांसोबत उपकरणांच्या लांबलचक याद्या आहेत, मॉडेल क्रमांक आहेत, किमती आहेत. खोलीची लांबी-रुंदी कळवणारे वाचक मात्र थोडेच आहेत. सोफा भिंतीपासून किती अंतरावर आहे, हे तर एकाच वाचकाने लिहिले आहे, आणि म्हणून त्यांचे पत्र सर्वांत आधी घेत आहे.

प्रश्न : माझा आणि सांगलीच्या मावसभावाचा ५.१ होम थिएटर संच (पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर) अगदी सारखा आहे. दोघांनी तो एकाच दुकानातून घेतला. तरीही त्याच्याकडे चित्रपटांतील स्फोट खोल आणि मोकळे वाटतात, तर माझ्याकडे सबवूफर एकाच सुरात घुमत राहतो. शास्त्रीय गायन लावले की तानपुऱ्याचा खर्ज गायकाच्या आवाजावर चढून बसतो. दुकानदार मोठा सबवूफर घ्यायला सांगतो. माझा हॉल १६ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असून सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. मावसभावाचे घर जुने, कौलारू आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मोठा सबवूफर घेऊ नका. तुमच्या तक्रारीचे मूळ हॉलच्या मापांत आणि सोफ्याच्या जागेत आहे.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते, तो स्वर त्या भिंतींमध्ये मागेपुढे आदळत स्वतःलाच बळ देतो आणि इतर स्वर विरून गेल्यावरही खोलीत रेंगाळतो. १६ फूट लांबीसाठी ही कंपनसंख्या सुमारे ३५ हर्ट्‌झ आणि तिची दुप्पट ७० हर्ट्‌झ येते. १० फूट रुंदीसाठी ती ५६ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी ५९ हर्ट्‌झ येते. शेवटचे दोन आकडे इतके जवळ आल्यामुळे त्या टापूतील कोणताही आवाज, मग तो स्फोटाचा असो, ढोलाचा असो किंवा ट्रकच्या इंजिनाचा, तुमच्या हॉलमध्ये जवळपास एकाच सुरात घुमतो. खर्जाचे उत्तर ७० हर्ट्‌झमध्ये आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्‌झच्या आसपास लागतो, म्हणजे तुमचा हॉल नेमका त्याच तारेला जोर देतो. गायक बदलला आणि पट्टी बदलली की ही तक्रार कमी-जास्त होते का, हे तपासून पाहा. होत असेल तर शंकेला जागा उरत नाही, कारण सबवूफरला गायकाची पट्टी कळत नाही.

मागच्या भिंतीलगत लांबीच्या दोन्ही स्वरांचा, म्हणजे ३५ आणि ७० हर्ट्‌झचा, दाब सर्वाधिक असतो आणि तुम्ही नेमके तिथेच डोके टेकून बसता. मागच्या भिंतीपासून चार फुटांवर, म्हणजे लांबीच्या पावपट अंतरावर, ७० हर्ट्‌झचा दाब जवळजवळ नाहीसा होतो. हॉलच्या मध्यावर तो पुन्हा वाढतो आणि तिथे ३५ हर्ट्‌झचा नाहीसा होतो. तुमचे डोके भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर येईल इतका सोफा पुढे घेतलात, तर खर्ज आटोक्यात येईल आणि खालचा दणकाही पूर्णपणे जाणार नाही. सोफ्यामागे जाण्यायेण्याची वाट निघेल, त्यावर घरात चर्चा होईल. पण या उपायाला एक रुपयाही लागत नाही.

त्यानंतर सबवूफरची जागा ठरवा. तो तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवून एखादा खालच्या स्वरांनी भरलेला तुकडा सतत वाजवत ठेवा आणि सबवूफर ठेवता येण्याजोग्या प्रत्येक जागी जमिनीलगत कान नेऊन ऐका. जिथे सगळे खालचे स्वर सारख्या मापाने ऐकू येतील, ती त्याची जागा. स्रोत आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधील ध्वनीचा हिशेब तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सर्वांत मोठा वाजतो, पण तो खोलीचे सगळेच घुमणारे स्वर एकदम जागे करतो. दुकानातील मांडणीत तो कोपऱ्यात का असतो, हे यावरून समजावे.

मावसभावाच्या घराची गंमत अशी की, कौले आणि लाकडी माळा खालच्या स्वरांना फारसे अडवत नाहीत. बराचसा दणका घराबाहेर निघून जातो आणि जो उरतो तो स्वच्छ असतो. तुमच्या सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब तो सगळा आतच परतवतात. रिसीव्हरसोबत (स्पीकर चालवणाऱ्या मुख्य यंत्रासोबत) आलेल्या मायक्रोफोनने कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीनुसार आवाजाची जुळवणी, जरूर करा, मात्र सोफा आणि सबवूफर हलवून झाल्यावर. ती यंत्रणा फुगलेले स्वर कापू शकते. जो स्वर तुमच्या जागी परावर्तनामुळे रद्द होतो तो तिला भरून काढता येत नाही, कारण केवळ ६ डेसिबल वाढवायचे तरी चौपट शक्ती लागते आणि वाढवलेला आवाजही तितक्याच इमानाने रद्द होतो. जाड पडद्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल म्हणून सांगतो : ५६ हर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे २० फूट असते आणि पडदा किंवा दोन इंची फोम तिच्या वाटेतही येत नाही. टाळी वाजवल्यावर खणखणीत झंकार येत असेल तर मात्र पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट यांचा संवादांच्या स्पष्टतेला खरा उपयोग होतो.

प्रश्न : आमचा पाच ध्वनिप्रेमींचा गट आहे. एकाच्या घरी जमून आम्ही दोन अँप्लिफायरची तुलना केली. एक चाळीस हजारांचा आणि दुसरा त्याच्या चौपट किमतीचा. स्पीकर तेच होते. पाचही जणांना महाग अँप्लिफायर अधिक मोकळा आणि तपशीलवार वाटला. हा निष्कर्ष विश्वसनीय मानावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्हींची आवाजपातळी मोजून सारखी केली होती का, याचा उल्लेख पत्रात नाही, आणि माझ्या मते तेवढ्यावरूनच निष्कर्ष बाजूला ठेवावा लागतो. आवाजाच्या गुंडीवरील खूण सारखी ठेवली म्हणजे पातळी सारखी होत नाही. दोन अँप्लिफायर एकाच खुणेवर सहज दोन-तीन डेसिबलने वेगळे असतात. फरक त्याहून कमी, एका डेसिबलच्या आत असला, तर गंमत अशी होते की ऐकणाऱ्याला एकाचा आवाज मोठा आहे असे जाणवत नाही, अधिक चांगला आहे असे जाणवते. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले की, हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. त्यामुळे जो अँप्लिफायर किंचित मोठा वाजतो, त्याचा खालचा भागही आपोआप भरलेला वाटतो.

पुन्हा जमाल तेव्हा असे करा. १०० किंवा २०० हर्ट्‌झचा स्थिर स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. स्वस्त मल्टिमीटर फार वरच्या स्वरांवर चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून खालचा स्वर घ्यावा. एका अँप्लिफायरवर २.०० व्होल्ट आले, तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणल्याशिवाय ऐकायला बसू नये. एवढे जुळले की फरक दशांश डेसिबलच्या आत राहतो. वायरी बदलताना दोन्ही अँप्लिफायर बंद ठेवा, नाहीतर तुलनेचा निकाल भलत्याच मार्गाने लागेल. मग कोणता अँप्लिफायर चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता, नाणे उडवून एकाने तो निवडावा आणि दुसऱ्याने दहा वेळा ओळखावा. दहापैकी सहा-सात वेळा बरोबर ओळखणे नुसत्या अंदाजानेही घडते. नऊ किंवा दहा वेळा बरोबर येण्याची शक्यता मात्र अंदाजाने शंभरात एकच असते, तेव्हा तसे घडल्यास फरक खरोखर ऐकू येतो असे मी मानेन. तुकडे लहान, अर्ध्या मिनिटाचे आणि तेच ठेवावेत, कारण ध्वनीच्या बारकाव्यांची स्मृती फार थोडा वेळ टिकते. तानपुरा यासाठी उत्तम, कारण तो बदलत नाही आणि जवारीमुळे त्यात वरच्या स्वरांची दाट झालर असते. ओळखीच्या माणसाचे बोलणे त्याहून उत्तम.

माझा कौल विचारलात तर, दोन्ही अँप्लिफायर धडधाकट असतील आणि कोणालाही त्याच्या मर्यादेपलीकडे ताणले जात नसेल, तर या चाचणीत फरक ओळखणे तुम्हाला फार कठीण जाईल. अवघड, कमी इम्पिडन्सचे (विजेला कमी रोध करणारे) स्पीकर आणि मोठा आवाज असेल तर निकाल वेगळा लागू शकतो. स्पीकर बदलून पाहाल तर मात्र नाण्याचीही गरज पडणार नाही. तिथले फरक डोळे मिटूनही ओळखू येतात.

प्रश्न : शेजाऱ्यांनी ५००० वॅटचा होम थिएटर आणला आहे. माझ्या रिसीव्हरवर प्रत्येक चॅनेलला ८० वॅट एवढेच लिहिले आहे. किंमत मात्र माझ्या रिसीव्हरची कितीतरी अधिक होती. मी फसलो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. ५००० या आकड्यापुढे पीएमपीओ (क्षणिक सर्वोच्च शक्तीचा दावा) ही अक्षरे असतील, बारीक टाइपात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, जुळवलेल्या संचांच्या खोक्यांवर हा आकडा वर्षानुवर्षे छापला जात आहे आणि तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. शेजाऱ्यांच्या संचाच्या मागील पट्टी किंवा अॅडॉप्टर वाचा. त्यावर १२ व्होल्ट, ३ अँपिअर असे असेल, तर तो भिंतीतून जास्तीत जास्त ३६ वॅट घेऊ शकतो, आणि जेवढे घेतले त्याहून अधिक तो सतत देऊ शकणार नाही.

तुमच्या ८० वॅटकडेही थोडे बारकाईने पाहा. हा आकडा ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्‌झच्या पूर्ण टापूत आणि एक टक्क्याहूनही कमी विकृतीवर दिलेला असेल, तर तो प्रामाणिक आहे. ६ ओहमवर, केवळ १ किलोहर्ट्‌झच्या स्वरावर आणि १० टक्के विकृतीवर दिलेला असेल, तर तेच यंत्र खऱ्या अर्थाने बरेच लहान ठरते. आणि तुलना करायचीच असेल तर वॅटच्या आधी स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत तो किती मोठा वाजतो, ते पाहावे : ८४ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला ८० वॅट लागतात, तोच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये काढतो.

प्रश्न : मित्राने स्पीकरसाठी महागडी आयात केलेली वायर घेतली. माझ्याकडे घरातील विजेच्या कामातून उरलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. ती चालेल का? (एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : चालेल. तिचा रोध किलोमीटरला सुमारे साडेसात ओहम असतो. स्पीकर १० मीटरवर असला तर जाऊन-येऊन २० मीटरचे ०.१५ ओहम झाले, आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी ०.४ ओहमपर्यंत काळजीचे कारण नाही. लाल-काळ्या टोकांची अदलाबदल एका बाजूला झाली, तर मात्र खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतील. ते तेवढे तपासा.

प्रश्न : माझ्याकडे जुना ५.१ रिसीव्हर आणि स्पीकर आहेत. भावाने डॉल्बी अॅटमॉसचा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची एकच लांब स्पीकरपट्टी) घेतला असून तो म्हणतो की, माझी यंत्रणा कालबाह्य झाली. मी बदल करावा का? आमच्या हॉलमध्ये पीओपीची नक्षीदार फॉल्स सीलिंग आहे, आणि माझी मूळ तक्रार संवाद नीट ऐकू येत नाहीत एवढीच आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : करू नका, निदान या तक्रारीसाठी तरी नको. अॅटमॉस चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आणि घरांत २०१४ मध्ये आले. त्याचे खरे मोल डोक्यावरून येणाऱ्या आवाजात आहे. साउंडबार हा आवाज छतावर फेकून खाली परतवतो, त्यासाठी छत सपाट आणि टणक लागते. तुमच्या छतावरील खाचा, आत दडवलेले दिवे आणि मध्यभागी फिरणारा पंखा हे सगळे तो आवाज विखरून टाकतात, त्यामुळे भावाच्या हॉलमध्ये जे ऐकू येते ते तुमच्याकडे ऐकू येईलच असे नाही.

संवाद मुख्यतः सेंटर स्पीकरमधून येतात आणि तुमच्याकडे तो स्वतंत्र आहे, ही साउंडबारवरची मोठी आघाडी समजा. तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात खोल सरकवलेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा, त्याचे तोंड कानाच्या दिशेने किंचित वर करा आणि रिसीव्हरच्या मेन्यूत त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. पंखा मंद करून पाहा. पंख्याचा घरघराट हळू बोललेली अक्षरे आधी गिळतो. मे महिन्यात रत्नागिरीत हा सल्ला कोणी मानणार नाही, याची मला कल्पना आहे.

टीव्हीकडून रिसीव्हरकडे एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणारी जोडणी) किंवा ऑप्टिकल वायरीने डॉल्बी डिजिटलचे सहा चॅनेल व्यवस्थित जातात. टीव्हीच्या ध्वनी मेन्यूत पीसीएमऐवजी (टीव्हीने उलगडलेल्या ध्वनीऐवजी) बिटस्ट्रीम (मूळ संकेत जसाच्या तसा) निवडलेले आहे ना, एवढे पाहा, नाहीतर तुमचे ५.१ आजवर दोनच चॅनेल ऐकत आले असेल. पुढे कधी अॅटमॉस घेतलेच, तर हे लक्षात ठेवा की, ओटीटीवरील अॅटमॉस साध्या एआरसीमधूनही येते. ईएआरसी (एआरसीची अधिक क्षमतेची आवृत्ती) लागते ती टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेयरमधील असंकुचित दर्जाच्या ध्वनीसाठी.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून त्याचा जुना टर्नटेबल आणला. दुकानदाराच्या सल्ल्याने २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला. टर्नटेबल चालतो, पण गाणी संथ आणि जड वाटतात, आणि आवाज फार बारीक येतो. त्याच तबकड्या मित्राच्या यंत्रावर उत्तम वाजतात. टर्नटेबल प्रवासात बिघडला असावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बिघडलेला नसावा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झ असते, आपल्याकडे ५०. तुमच्या टर्नटेबलची मोटर एसी सिंक्रोनस प्रकारची असावी. ती विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असल्यामुळे सहाव्या भागाने सावकाश फिरते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी सुमारे २७.८ फेऱ्या होतात, २० मिनिटांची बाजू २४ मिनिटे चालते आणि सूर तीन पट्ट्यांहून थोडा अधिक खाली उतरतो. काळी चारमध्ये गायलेली गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येईल. घरात पेटी असेल तर ताडून पाहा. सूर तेवढाच उतरलेला आढळला, तर निदान पक्के झाले.

उपाय मॉडेलवर अवलंबून आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक यंत्रांना ५० हर्ट्‌झसाठी वेगळी, मोठ्या व्यासाची पुली मिळते. कुशल कारागीर ती कातून देऊ शकतो, फक्त व्यास २० टक्क्यांनी वाढला पाहिजे. काही यंत्रांत दोन्ही वारंवारतांची सोय आतच असते, म्हणून आधी यंत्राच्या तळावरची माहितीपट्टी वाचा. डीसी मोटर किंवा क्वार्ट्‌झ नियंत्रणाच्या यंत्रांना हा त्रास होत नाही.

बारीक आवाजाचे कारण वेगळे आहे. पिकअपमधून (सुईच्या थरथरीची वीज करणाऱ्या भागातून) निघणारा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो आणि तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात. ते पुन्हा मूळ मापावर आणणारा फोनो प्रीअँप्लिफायर मध्ये लागतो. मित्राच्या अँप्लिफायरवर फोनो असे लिहिलेले भोक असणार, तुमच्या रिसीव्हरला ते नसावे. स्वतंत्र छोटे फोनो यंत्र मिळते. आणि घरात नाट्यसंगीताच्या ७८ वेगाच्या तबकड्या असतील, तर त्या एलपीच्या सुईवर वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते, सुई तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. त्यांच्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई बसवावी लागते.

प्रश्न : माझा संच मित्रमंडळींत सर्वांत उत्तम मानला जातो, पण खालच्या मजल्यावरील काकूंची तक्रार थांबत नाही. मोबाइलवरील अॅप ५० डेसिबलच दाखवते. भिंतीला अंड्याचे ट्रे लावले तर उपयोग होईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ट्रेचा काहीही उपयोग होणार नाही. आवाज अडवायला वजन लागते आणि कागदाच्या लगद्याला वजन नसते. काकूंची तक्रारही मी खरी मानतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण हे मोजमाप ए-भारित असते, म्हणजे ते कानाच्या संवेदनेनुसार खालचे स्वर वजा करते. ५० हर्ट्‌झवर ही वजावट सुमारे ३० डेसिबलची आहे. बहुतेक अॅप हेच माप दाखवतात. त्यामुळे आकडा मर्यादेच्या जवळपास राहूनही स्लॅबमधून उतरणारा दणका खाली भांडी वाजवू शकतो.

सबवूफरखाली रबराचा किंवा फोमचा जाड थर दिल्याने फरशीला थेट लागणारा हादरा काहीसा कमी होईल, हवेतून जाणारा होणार नाही. त्याहून परिणामकारक म्हणजे सबवूफर सोफ्याच्या अगदी मागे आणून त्याची पातळी उतरवणे. तुमच्या कानाला तो जवळ असल्यामुळे पुरेसा वाटतो आणि खोलीत मात्र कमी शक्ती सोडली जाते. रात्री रिसीव्हरमधील नाइट मोड लावा; त्यात स्फोट दबतात आणि संवाद वर येतात. नेमकी पातळी मात्र अॅपवरून ठरवू नका. एका संध्याकाळी काकूंची परवानगी घेऊन त्यांच्या हॉलमध्ये बसा, वर कोणाला तरी दणकेबाज प्रसंग लावायला सांगा आणि फोनवरून आवाज टप्प्याटप्प्याने कमी करायला लावा. तो खाली जाणवेनासा होईल तेव्हाचा सबवूफरचा आणि रिसीव्हरचा आकडा काकूंच्या समोरच लिहून घ्या.